हसरा पिवळा

"हा पिवळा नको. हा आजारी वाटतो. मला जरा... हसरा पिवळा हवाय."

काउंटरपलीकडून आवाज आला आणि तिच्या हातातली ढवळायची पट्टी तशीच थांबली. हा तर रेडिओवरचा आवाज! रोज सकाळी ती दुकान झाडायची तेव्हा तो बातम्या सांगायचा आणि मग अचानक कित्येक महिने गायब झाला होता. आता तोच आवाज, तोंडावर मास्क आणि मास्कच्या वर दोन मिश्कील डोळे घेऊन, चक्क तिच्या मामाच्या रंगाच्या दुकानात उभा होता.

"हसरा पिवळा रंगांच्या कार्डात मिळत नाही," ती म्हणाली. "तो कालवावा लागतो."

"मग कालवा ना. मला सध्या थांबण्याशिवाय दुसरं कामच नाही."

रंग तयार झाल्यावर तिनं डबा त्याच्यापुढे सरकवला. त्यानं हात मागे घेतला. "मला जड उचलायला मनाई आहे."

"एवढा धडधाकट माणूस, आणि एक डबा उचलवत नाही?"

"यकृत बदललंय हो. ताईनं तिच्या यकृताचा मोठा तुकडा दिला मला. वर बजावलंय, माझी वस्तू आहे, जपून वापर!"

हसावं की गप्प राहावं, तिला कळेना. मग हसलीच. डबा तिनंच गाडीत नेऊन ठेवला आणि गाडी वळेपर्यंत उगाच दारात रेंगाळली. आतून मामा खाकरले. मामांच्या खाकरण्यात अख्खी वाक्यं असत.

रंगाऱ्यानं खोली रंगवली. वास जाईपर्यंत निवेदकसाहेब ताईकडे राहिले. पण दुकानातल्या फेऱ्या काही थांबल्या नाहीत. आज दाराला कोणता रंग, उद्या खिडकीला कोणता... एका खोलीला इतकी दारं असतात, हे मामांनाही नव्यानंच कळलं.

"डॉक्टरांनी काय पाठ करून घेतलंय, ऐकायचंय?" एकदा तो म्हणाला आणि बातम्यांच्या सुरात सुरू झाला, "ताप, अंगाला खाज, डोळ्यांत पिवळेपणा, गडद लघवी... यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बातम्या संपल्या."

ती पोट धरून हसली. आणि तो नुसता बघत राहिला—तिच्याकडे.

मग एकदम त्याचं येणं बंद झालं. येत्या सोमवारी तो पुन्हा माइकसमोर बसणार होता. तयारीत असेल, तिनं मनाची समजूत घातली. पण मन कुठलं ऐकतंय! शेवटी भिंतीला हात फिरवायला म्हणून उरलेला रंग घेऊन ती त्याच्या घरी थडकली.

"आलीस बाई!" त्याच्या सोबतीला येऊन राहिलेल्या ताईनं दार उघडलं. "जा आत. तुझी वाट बघून त्याचे डोळे शिणलेत."

खोली झक्क दिसत होती. तो उशीला टेकून दंड खाजवत होता.

"खाज?"

"नव्या रंगाची असेल."

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "चेहरा पिवळा दिसतोय तुमचा."

"अगं, भिंतींचा उजेड पडतो," ताई हसली. "या खोलीत आम्ही सगळेच पिवळे दिसतो."

खरंच की. तिचे स्वतःचे हातही पिवळसर दिसत होते. पण पिवळ्या भिंतीपाशी रंग जुळवायचा नसतो, उन्हात न्यायचा असतो, हे मामांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

"गॅलरीत चला," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांत बघा."

"एवढ्या उघड्यावर?" तो खट्याळपणे म्हणाला. पण आला.

उन्हात तिचे हात होते तसे सावळे झाले. त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग मात्र पिवळाच राहिला. ती त्याच्या इतकी जवळ उभी होती की त्याचा श्वास तिच्या गालाला लागत होता.

"लघवी गडद होते?" आवडत्या माणसाला आयुष्यात कधी हा प्रश्न विचारावा लागेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्यानं नजर चुकवली.

"ताप?"

"थोडी कणकण..."

"तुम्हाला सगळं पाठ होतं! मला म्हणून दाखवलं होतंत!"

"सोमवार जवळ आलाय. आणि..." त्यानं मान खाली घातली. "तुझ्यासमोर मला पुन्हा पेशंट व्हायचं नव्हतं."

"ताईंनी पोट चिरून दिलंय ते! एका सोमवारापायी घालवणार?" तिचा आवाज चढला आणि डोळे भरून आले. "चला. आत्ताच्या आत्ता."

दारात उभ्या ताईचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला होता. दुसऱ्याच क्षणी तिनं रुग्णालयाला फोन लावला. "लगेच आणा," तिकडून उत्तर आलं.

रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. नव्या यकृताची पित्तनळी जोडाच्या जागी अरुंद झाली होती. पित्त तुंबलं होतं, जंतूंनी तिथं ठाण मांडायला सुरुवात केली होती. तोंडावाटे दुर्बीण घालून डॉक्टर आत बारीक नळी बसवणार होते.

बाहेरच्या बाकावर ताई पुटपुटली, "रोज बघत होते गं मी. मला दिसलंच नाही."

"तो रंग मीच कालवला होता, ताई."

दोघी एकमेकींचा हात घट्ट धरून बसल्या. दार उघडलं, तेव्हा डॉक्टरांचा चेहरा पाहूनच ताई रडायला लागली.

"पित्तनळी मोकळी झाली," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर आणलंत. यकृत शाबूत आहे."

सोमवार हुकला, तो हुकलाच. पण औषधं लागू पडली, ताप उतरला, खाज गेली, आणि एका सकाळी रुग्णालयाच्या खिडकीशी त्याच्या डोळ्यांत पाहिलं तर पांढरं स्वच्छ! तिला गिरकी घ्यावीशी वाटली.

"एक सांगू?" तो हळूच म्हणाला. "हे असं पुन्हा होऊ शकतं. जन्मभर गोळ्या, तपासण्या. तू... नीट विचार कर."

"केला. रोज तुमच्या डोळ्यांत बघायला मी तयार आहे. लग्न करता माझ्याशी?"

ज्याचं पोट आवाजावर चालायचं, त्याच्या तोंडून एक अक्षर फुटेना. कान लालबुंद झाले, ओठ नुसतेच हलले. मग त्यानं मान हलवली—एकदा, दोनदा, हलवतच राहिला.

"काय झालं रे?" पडद्याआडून ताई धावत आली. "बोलत का नाहीस? डॉक्टरांना बोलवू?"

"नको, ताई," ती त्याचा हात हातात घेत म्हणाली. "हे लक्षण मला ओळखता येतं."