फाटकापर्यंतच

हे मी रंगवून सांगत नाहीये. माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. आणि रात्र-बित्र काही नव्हती. गेल्या उन्हाळ्यात, भरदुपारी, माणसांनी गजबजलेल्या हॉस्पिटलमध्ये.

दादाला किडनी मिळाली ती एका वारलेल्या माणसाची. कोणाची, ते सांगत नाहीत. आम्हाला इतकंच माहीत होतं की ती बाहेरून आली नव्हती. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावरून खाली आली.

ऑपरेशननंतर संसर्ग नको म्हणून दादाला हॉस्पिटलच्या आवारातच खोली दिली. सोबतीला मी. वहिनी घरी, कारण पिल्लू लहान. पिल्लू म्हणजे दादाची लेक. लहान मुलं सर्दी-खोकला घेऊन येतात म्हणून तिला आणायची बंदी होती. इतके महिने बापलेक फोनवरच भेटत होते.

त्या दिवशी सगळ्या तपासण्या होत्या. ठीक निघालं तर घरी सोडणार होते. दादाने उठल्या उठल्या बॅग भरली.

आधी रक्त. सकाळची गोळी घ्यायच्या आत द्यावं लागतं, नाहीतर औषधाचं प्रमाण नीट कळत नाही.

"रक्त दिल्याशिवाय गोळी नाही. सासूसुद्धा एवढा छळ करत नाही," दादा म्हणाला. नर्सही हसली.

मग सोनोग्राफी. नवी किडनी पोटात खाली, उजवीकडे बसवतात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी यंत्र टेकवलं आणि खोलीत आवाज घुमला. किडनीतून रक्त वाहतं, त्याचा.

घुश्श… घुश्श… घुश्श…

मी धास्तीने दादाचं मनगट धरून बसले होते. नाडी आणि आवाज बरोबरीने चालले होते.

"झकास चाललीये," बाई म्हणाल्या.

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले. "जा घरी. पाणी भरपूर प्या, लघवी मोजत राहा." मला तर रडूच फुटलं.

टॅक्सी केली. दादाची बडबड सुरू होती. पिल्लू हे करेल, पिल्लू ते म्हणेल.

टॅक्सी फाटकातून बाहेर पडली…

आणि दादा गप्प झाला.

"काय रे? टाक्यांच्या जागी दुखतंय का?"

"नाही गं." त्याचा हात पोटावर होता. "बंद झाली."

"काय बंद झाली?"

"ती."

मला वाटलं, चेष्टा करतोय. तशी त्याला खोडच आहे. पण चेहरा पांढराफटक पडला होता. पेट्रोल पंपावर थांबलो. दादा लघवी मोजायचं भांडं घेऊन आत गेला. बाटलीभर पाणी प्यायला होता. एरवी एवढ्यात अर्धं भांडं भरायचं.

मी दाराबाहेर उभी. आतून काहीच आवाज नाही…

दादा बाहेर आला. भांडं कोरडं ठणठणीत.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आहात तिथून परत फिरा." शरीर किडनी नाकारायला लागलं की असं होतं, हे आम्हाला पढवलेलं होतं. किडनी गेली की परत डायलिसिस. तेवढी ताकद दादात आता उरली नव्हती.

"पिल्लूला काही कळू देऊ नकोस," तो म्हणाला.

टॅक्सी फाटकातून आत शिरली…

"थांबवा! थांबवा!" दादा ओरडला आणि दार उघडून संडासाकडे पळाला.

भांडं काठोकाठ भरलं. हसावं की रडावं तेच मला कळेना.

परत सोनोग्राफी. परत तीच खोली, तोच आवाज. मी मनगट धरलं…

नाडीच्या एका ठोक्याला आवाज दोनदा येत होता.

घुश्श-घुश्श… घुश्श-घुश्श…

घाईघाईने. धावत येऊन धापा टाकणाऱ्या माणसासारखा.

बाईंच्याही ते लक्षात आलं. त्यांनी यंत्र पोटावरून उचललं.

घुश्श-घुश्श…

त्यांनी बटण बंद केलं. स्क्रीन काळी झाली.

घुश्श-घुश्श…

मग हळूहळू तो थांबला.

"मशीन जुनं झालंय," बाई म्हणाल्या. आमच्याकडे न बघता.

त्यानंतर आम्ही मागच्या फाटकाने जाऊन पाहिलं. नर्स घेऊन अँब्युलन्सने जाऊन पाहिलं. फाटकापर्यंत सगळं सुरळीत, पुढे ठप्प. डॉक्टर म्हणाले, मनाचा खेळ असेल. म्हणून एकदा दादा गाढ झोपलेला असताना, त्याला न सांगता नेलं. लघवीची नळी लावलेली होती. मी पिशवीवर नजर ठेवून बसले होते. फाटक ओलांडलं आणि नळीतली धार तुटली.

दादा अजून त्याच आवारात आहे. मीही. तब्येत उत्तम, रिपोर्ट उत्तम. फक्त घर नाही.

हल्ली तो घरी जायचं नाव काढत नाही, याचीच मला जास्त भीती वाटते. रोज भेटीची वेळ झाली की आपला आपण जाऊन मुख्य दरवाजासमोरच्या बाकावर बसतो. येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा बघतो.

"कोणाची वाट बघतोस रे?" मी एकदा विचारलं.

"काय माहीत," तो म्हणाला. "पण यायला हवं होतं एव्हाना कोणीतरी."

शेवटी डॉक्टरांनीच पिल्लूला आणायची परवानगी दिली. परवा वहिनी तिला घेऊन आली. मास्क लावलेली पिल्लू दारातूनच "बाबाऽऽ" करत धावत सुटली आणि त्याच्या पायांना बिलगली.

दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मान वाकवली, तिच्याकडे पाहिलं.

मग मान वर केली आणि तिच्या मागच्या दाराकडे बघत राहिला… अजून कोणी आत येतंय का ते.