पीडब्ल्यूडी

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा सांगलीत लिनक्स म्हटलं की लोकांना साबणाचं नाव वाटायचं. विनोदिनी भर दुपारी हंबीररावांच्या कॉम्प्युटर क्लासचा जिना चढून आली.

"वहिनी, काय बघायचं त्ये बघून घ्या," हंबीरराव नजर चुकवत म्हणाले. "आज समदं पुसून विंडोज टाकायचं हाय. मी चा घिऊन येतो."

कोपऱ्यातलं ते लिनक्सवर चालणारं मशीन तिच्या नवऱ्याचं, गंगाधरांचं. रविवारी ते तिला शेजारी बसवून त्याचे हुकूम शिकवायचे. एलएस म्हणजे इथं काय काय आहे. सीडी म्हणजे त्या खोलीत जा. कॅट म्हणजे वाचून दाखव. आणि पीडब्ल्यूडी?

"बांधकाम खातं!" ती म्हणाली होती.

गंगाधर पोट धरून हसले होते. "व्हय विनू, रस्त्याचंच खातं. आपण कुठवर आलो त्ये सांगतं."

मग एकदा पाटणला कुणाचं तरी मशीन दुरुस्त करायला ते 'येतो' म्हणून निघाले. स्कूटर कोयनेच्या पुलावर सापडली, ते सापडले नाहीत. लोक म्हणाले, कुंकू पूस. ती म्हणाली, येतो म्हणून गेलेत.

तिनं एलएस दाबलं. एकच खोली होती, विनू नावाची. सीडी करून ती आत गेली, तर एकच फाइल. कॅट केल्यावर इंग्रजी अक्षरांत एकच शब्द उमटला: येतो.

तिला रडू फुटलं. एका शब्दावर माणसानं जन्म कसा काढायचा? डोळे पुसत तिनं सवयीनं पीडब्ल्यूडी दाबलं.

/पाटण/पूल

अशी खोली या मशीनमध्ये नव्हती. तिनं पुन्हा दाबलं.

/कराड

बंद खोलीत नदीच्या गाळाचा वास येऊ लागला.

/कुंडल

तिला भीती वाटली ती एकच, हंबीरराव आधी पोचतील याची. "लवकर या हो..." ती पुटपुटली.

/सांगली/जिना

जिन्यावर पावलं वाजली. दारात हंबीरराव उभे होते, हातात चहाची किटली आणि कप.

"पुसू आता, वहिनी?"

"थांबा भाऊजी... जरा थांबा..."

हंबीरराव एकदम अंग चोरून बाजूला झाले, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तसे. "या की..." म्हणत वळले, तर मागं कुणीच नव्हतं.

विनोदिनीनं शेजारची खुर्ची ओढून ठेवली. मग शेवटचं एकदा पीडब्ल्यूडी दाबलं.

/विनू

हंबीररावांनी मशीनला हात लावला नाही. त्यांनी दोन कपांत चहा ओतला, आणि कुणी न सांगता तिसरा कप भरला.