मॅडमच्या नळ्या

घशात काही अडकलेला पेशंट आला की आमच्या मॅडम नातेवाइकांना पहिला प्रश्न विचारतात, "घरी याची जोड आहे का?" नाणं असेल तर तसंच नाणं, बटण असेल तर तसलंच बटण. मग रबरी नळीचा नवा तुकडा कापायचा, जोड त्यात अडकवायची आणि चिमट्याने काढून बघायची. हात बसला की मगच पेशंटकडे वळायचं. मी भूल देणारा डॉक्टर. माझ्या घशात माशाचा काटा रुतला तेव्हाही बाईंनी आधी माझ्या बायकोला त्याच माशाचा दुसरा काटा आणायला घरी पिटाळलं होतं! वापरलेल्या नळ्या मात्र टाकत नाहीत, ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवतात. "मॅडम, भंगारवाल्याला बोलवू का?" मी चिडवायचो. त्या नुसत्या हसायच्या. काही म्हणा, असा हात मी दुसरा पाहिलेला नाही.

परवा दुपारी चार वर्षांची एक मुलगी आली. घरी तिला चिमणी म्हणतात. तिने गिळलेली सेफ्टी पिन एक्स-रेत स्पष्ट दिसत होती. उघडी, टोक वर. तशीच ओढली तर घसा फाटणार. आईने धावतपळत तसलीच दुसरी पिन आणून दिली.

"दिवसभर टकळी चालू असते हो हिची," बाप म्हणाला. "बोलेल ना परत?"

मी भूल दिली. काचेपलीकडच्या खोलीत मॅडम नळी घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात चिमणीचा श्वास अडला. मी मास्क दाबून धरला, पण हवा आत जाईना. ओठ निळे पडायला लागले.

"मॅडम! अहो, लवकर या!"

त्यांनी मान वर केली नाही. चिमटा नळीत घातला. हलकेच फिरवला.

माझ्या बोटांखाली चिमणीचा गळा हलला.

मॅडमनी चिमटा बाहेर काढला.

चिमणीने खोल श्वास घेतला.

मी घशात उजेड टाकून पाहिलं. काही नव्हतं. साधा ओरखडासुद्धा नाही. पलीकडे मॅडमच्या ट्रेमध्ये दोन पिना होत्या, दोन्ही मिटलेल्या. एक लाळेने ओली होती.

"कधी कधी तालमीतच काम होऊन जातं," मॅडम म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

संध्याकाळी चिमणी जागी झाली. "आई, पाणी," म्हणाली. बाप ढसाढसा रडला. माझेही डोळे भरून आले. बाईंच्या पायाच पडावंसं वाटलं, म्हणून त्यांच्या खोलीत गेलो. त्या चिमणीची नळी कापसात गुंडाळत होत्या. मी ती हातात घेतली. कोमट लागली. सहज आत बोट घालायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"उगाच नको. पोर आत्ताच झोपलीय."

मग त्यांनी ड्रॉवर उघडला. एकेक नळी कापसात नीट निजवलेली होती.

"माझी कुठली?" मी हसत विचारलं. हसू काही धड आलं नाही.

मी आवंढा गिळला.

कोपऱ्यातली एक जुनी नळी आक्रसली आणि हळूच पुन्हा सैल झाली.