धनंजयचं नाव

जवळ सरका, पोरंहो. कैलाश माह्या साळ्याचा पोरगा. ही आयकीव गोष्ट नाही, त्यानं माह्यापाशी बसून सांगितलेली हाये.

चिखल्याले खाणीतलं मँगनीज वाहणाऱ्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं ऑफिस. तिथले कम्प्युटर धनंजय पाहे. तो काविळीनं गेला, अन् त्याची खुर्ची कैलाशले भेटली. खुर्ची भेटली, मान नाही भेटला. काही अडलं का लोकं म्हणत, "धनंजय असता त..." कैलाशची बायको दामिनी त्याच ऑफिसात. तिले काम धनंजयनंच शिकवलं होतं. एकदा जेवता जेवता ती सहज बोलली, "धनंजयभाऊ कधी चिडे नाही." कैलाश अर्ध्या ताटावरून उठला.

मागच्या साली, तान्ह्या पोळ्याची रात. साहेबानं काम सांगितलं होतं, ऑफिसच्या सर्वरवरची सारी नावं क्लाउडले जोड, म्हणजे इथलाच पासवर्ड घरून, मोबाइलवरून चालंल. कैलाश एकटाच बसला. नावं वर चढून राहिली होती. त्यात धनंजयचं दिसलं. गेलेल्या माणसाचं नाव काढणं हे त कामच. पण यानं ते दात खाऊन केलं.

"आता तरी जाय," म्हणे.

जरा वेळानं नाव परत वर आलं.

सर्वरवर राहिलं असंल, म्हणून तिथूनही पुसलं.

परत आलं.

कैलाशनं सर्वरची वायरच उपसली. आता वर जायले रस्ता नव्हता. त्यानं पडद्याकडं पाह्यलं... धनंजयच्या नावापुढं हिरवा ठिपका. तो आत आला होता.

फोन वाजला. घरून दामिनी.

"ऑफिसच्या चॅटवर... धनंजयभाऊचा मेसेज आला."

"काय म्हणते तो?"

तिकडं दार उघडल्याचा आवाज आला.

"दामिनी. काय म्हणते?"

"...तुमाले सांगाचं नाही, म्हणतेत."

भीती वाटाले पाह्यजे होती. जळफळाट झाला आधी. तो गाडी काढून घरी पोचला. दामिनी उंबऱ्यावर. मोबाइल मांडीवर. चॅट कोरं. त्यानं विचारलं. तिनं आजवर नाही सांगितलं.

पण मोबाइलच्या काचेवर अंगठा उमटला होता. मँगनीजच्या धुळीसारखा काळा. तिनं पदरानं पुसला, यानं रुमालानं. तुमसरले जाऊन काच बदलली.

नव्या काचेखालीही हाये तो. आतून.

दामिनी झोपली का कैलाश आपला अंगठा त्यावर ठेवून पाहते.

लहान पडते.