हाज्जा तफीदाच्या बिस्किटांचा वास

डब्याचं झाकण निघालं आणि हिल्मी खुर्चीसकट मागे सरकला.

"या अल्ला! काय आहे हे? मांजर मेलंय का आत?"

"माझी बिस्किटं आहेत," हाज्जा तफीदा म्हणाल्या आणि ओढणीच्या टोकानं डोळे पुसू लागल्या.

ईदचा दुसरा दिवस. अख्खं मन्सूरा नाईलच्या काठी हवा खात होतं, आणि कालवे खात्यातून निवृत्त झालेला हिल्मी मात्र बायकोच्या कचेरीत अडकून पडला होता. त्याची बायको सुहैर पूर्वी पोलिसांत होती, आता खाजगी तपास करायची. हिल्मी तिचा मदतनीस. म्हणजे चहा करायचा, टिपणं घ्यायची आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. शेवटचं काम तो फार मनापासून करी.

"कुणावर संशय आहे तुमचा?" सुहैरनं विचारलं.

"विहीणबाईंवर! त्या फिक्रियावर! दुसरं कोण असणार?" हाज्जांचा आवाज चढला. "लग्नानंतरच्या पहिल्या ईदला लेकीच्या घरी माहेरचं काहक आणि बिस्किटं जातात, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? दोन डबे पाठवले होते रबाबबरोबर. एकात साखर भुरभुरलेलं काहक, एकात बिस्किटं. काल सकाळी पाहुण्यांसमोर उघडले, तर काहक झकास आणि बिस्किटांना हा वास! फिक्रिया म्हणते, मी मुद्दाम घाण मिसळली. पाहुण्यांदेखत माझ्या पोरीला घराबाहेर काढलं हो! आता निरोप आलाय, 'तुझ्या आईनं येऊन सगळ्यांसमोर माफी मागावी, मगच तू आत ये. नाहीतर माझा ताहिर तलाक देईल.' मी माफी मागू? माझ्या बिस्किटांबद्दल? उभ्या जन्मात कुणी नाव ठेवलं नाही त्यांना!"

"मग मी काय करायचं?"

"कुणी केलं ते शोधा. म्हणजे पोरगी ताठ मानेनं सासरी जाईल. तिथं तिचं सगळं छान चाललं होतं."

"छान?"

"म्हणजे, कुरबुरी कुठल्या घरात नसतात? जावई जरा तापट. पहिल्याच महिन्यात अंगावर ओरडला, तर मी रबाबला म्हटलं, तांदूळ दुधात अगदी घट्ट शिजव, वर दालचिनी भुरभुर, गार करून दे. माणूस निवतो. मग त्यानं तिचा फोन काढून घेतला. तेव्हा उम्म अली सांगितली. पापुद्र्यांची रोटी चुरायची, वर गरम दूध, बेदाणे, भरपूर साय, आणि भट्टीत ठेवायचं. दोनदा रडत माहेरी आली होती. दोन्ही वेळा भरल्या कोबीचं पातेलं हातात देऊन मी स्वतः परत सोडून आले."

हिल्मीनं वहीत 'दालचिनी' लिहिलं. सुहैरनं त्याच्याकडे असं काही पाहिलं, की 'बेदाणे' लिहायचं राहूनच गेलं.

ती डब्यावर वाकली. बिस्किटं पांढुरकी होती, एकमेकांना चिकटलेली. झाकणाच्या आतला कागद ओला होऊन वाळल्यासारखा चुरगळला होता. तिनं अगदी तळातलं एक बिस्किट काढून मोडलं आणि नाकाशी नेलं.

"खालच्यालाही तेवढाच वास आहे. घरी उरलीत का काही?"

हाज्जांनी पिशवीतून पुडकं काढलं. ही बिस्किटं सोनेरी, खुसखुशीत होती. हिल्मीनं तपासासाठी तीन खाल्ली.

"पीठ एकच?"

"एकच पीठ, एकच दिवस, एकच भट्टी! रबाब मदतीला आली होती. सासूनं मोठे उपकार केले, एक दिवस सोडलं. भट्टीवरही तीच गेली. माझे गुडघे कुठे चालतात आता?"

फिक्रियाबाईंच्या जिन्यात पाऊल टाकताच हिल्मीनं बायकोला कोपर मारलं. सगळा जिना फरशी पुसायच्या औषधानं घमघमत होता.

"सापडलं!" तो कुजबुजला. "हेच ओतलंय."

"वरून ओतलं असतं तर वरची बिस्किटं जास्त घाणेरडी झाली असती आणि तळातली कमी. चला गुपचूप."

हिल्मीचा चेहरा पडला. ईदच्या दिवशी निदान एक तरी संशय पुरा करू द्यायचा होता त्याला.

फिक्रियाबाई सोनेरी पायांच्या खुर्चीत बसल्या होत्या. समोर दुकानातलं काहक होतं, मुद्दाम दिसेल असं ठेवलेलं.

"मी घाण मिसळीन? माझ्याच दिवाणखान्यात, माझ्याच पाहुण्यांसमोर? नणंदा, जावा, सगळ्या नाक दाबून उठल्या माझ्या घरातून! मला काय स्वतःचं हसं करून घ्यायचं होतं?"

"डबा रात्रभर कुठे होता?"

"रबाबच्या खोलीत. चिकटपट्टी लावलेली होती. आम्ही कुणी हात लावला नाही, लावू कसा? ती लावू देईल तर ना! कंजूष मुलखाची! माझी नात बिस्किटासाठी रडून लाल झाली होती. काहकचा डबा फोडला, दोन काहक कोंबली पोरीच्या हातात, पण बिस्किटांचा डबा उघडेल तर शपथ! सकाळी तोच डबा पाहुण्यांच्या मधोमध आणून ठेवला आणि स्वतः उघडला. तेव्हा मात्र मोठी उदार!"

"तुमचा मुलगा काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार? बायकोला वळण लावायचं असतं, ते मी सांगते त्याला. फोन घेऊन दिवसभर आईशी बोलत बसायची. बंद केलं."

सुहैर उठली. काहकला तिनं हात लावला नाही. हिल्मीनं लावला होता, पण तो अर्धा घास तोंडात घेऊनच बाहेर पडला. नेमकं रुचकर निघालं होतं.

"आता भट्टीवाला," जिना उतरताना तो म्हणाला. "हाज्जांनी सांगितलं नाही, पण त्यांची शेजारीण म्हणाली, भट्टीच्या नंबरावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालंय. त्यानंच सूड उगवला असेल."

गाबेर चाचाची भट्टी गल्लीच्या तोंडाशीच होती. कुणाची तरी उशिरानं आलेली थाळी आत होती. "मागे सरा," म्हणत चाचानं दार उघडलं आणि वाफेचा असा लोट आला, की हिल्मीच्या नाकातून, डोळ्यांतून धारा लागल्या. तो ठसकत भिंतीला टेकला.

"नशादर हो, नशादर!" चाचा हसला. "ती पांढरी पूड घातल्याशिवाय बिस्किट फुलायचं कसं? जरा उघड्यावर पडू दे थाळी, वास जातो उडून. काहकला हा त्रास नाही, त्यात खमीर असतं."

"हाज्जा तफीदाशी भांडण झालं होतं म्हणे?"

"दर ईदला होतं. भांडल्या नाहीत तर मी घरी जाऊन विचारीन, बाई बरी आहे ना! पण आई परवडली, लेक नको, असं झालं मला यंदा. पहिल्या थाळ्या गुणानं भाजू दिल्या. त्या उघड्याच घरी पाठवल्या शेजारणीबरोबर. शेवटच्या थाळीला रंगसुद्धा चढला नव्हता, तर 'काढा चाचा, काढा' म्हणून पाठीस लागली. घरून काहकचा भरलेला डबा आणि एक रिकामा डबा घेऊनच आली होती. रिकामा माझ्या ओट्यावर चटके खात भरला, शालीत गुंडाळला आणि तडक सासरी."

हिल्मीनं टाळी वाजवली. "घाई! सासूच्या धाकानं पोरीनं घाई केली आणि चूक झाली! बघ, सुटलं!"

सुहैर पुढे निघाली होती. गल्लीतून चालताना तिनं एकदा चिडून पायातला दगड उडवला.

"काय झालं?" हिल्मीनं विचारलं.

"वैताग आलाय, हिल्मी. सकाळपासून सगळे बिस्किटांचंच बोलताहेत. त्या पोरीचं कुणी बोलतंय का?"

हाज्जांच्या स्वयंपाकघरात रबाब मोकळ्या थाळ्या घासत होती. पाहुणे आले तरी तिनं मान वर केली नाही. हाज्जांनी लगेच वाट्या पुढे सरकवल्या. हिल्मीनं पोटावर हात ठेवून नको म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते मनापासून म्हटलं.

"दार लावून घ्या, हाज्जा," सुहैर म्हणाली. "खिडकी राहू दे, उकडतंय. आता ऐका. तुमच्या विहिणीनं काही मिसळलं नाही. गाबेरनंही नाही. बिस्किटांत बाहेरचं काही पडलंच नाही. वास नशादरचा आहे, तुम्हीच घातलेल्या."

"माझ्या नशादरचा? बाई, मी काय काल स्वयंपाक शिकले?"

"नाही ना. म्हणून तर घरची बिस्किटं चांगली आहेत. ती नीट भाजली, उघडी गार झाली, वास उडून गेला. हा डबा मात्र कच्च्या, कढत बिस्किटांनी भरला आणि तिथंच बंद केला. वाफ आत कोंडली. झाकणाचा कागद ओला झाला तो वाफेनं. बिस्किटं चिकटली तीही तिनंच. वास जायला वाटच नव्हती, म्हणून तो तळापर्यंत सारखा बसला. काहकमध्ये नशादर नसतेच, ते वाचलं."

हाज्जांचा चेहरा उजळला. "म्हणजे घाईत झालं! पोरीकडून चूक झाली, बस्स! आत्ताच फिक्रियाला सांगते—"

"थांबा. मलाही आधी तसंच वाटलं. पण घाई आयत्या वेळी होते, हाज्जा, आणि रिकामा डबा तर घरून निघतानाच बरोबर घेतला होता. भट्टीवर कोण डबा नेतं? सगळ्या थाळी डोक्यावर घेऊन परत येतात. पहिल्या थाळ्या नीट भाजू द्यायला वेळ होता, याच थाळीला नव्हता. गरम डबा शालीत गुंडाळला, गार होऊ नये म्हणून."

रबाबचा हात थाळीवर थांबला.

"आणि रात्री लहान पोरगी रडत होती. काहकचा डबा फोडला, मग बिस्किटांचा का नाही? कंजूषपणा असता तर दोन्ही बंद राहिले असते. त्या डब्याचं झाकण अजून कुणी उघडलं नव्हतं. आत काय आहे, हे घरात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि त्याला ते लेकराच्या तोंडात जाऊ द्यायचं नव्हतं. सकाळी मात्र भर पाहुण्यांत तिनं स्वतःच झाकण काढलं."

हाज्जा मटकन स्टुलावर बसल्या. "रबाब? तू? माझ्या नावाला काळं फासलंस? का गं?"

"दुसरं काय करू?" रबाब वळली. हात साबणानं भरलेले, आवाज फाटलेला. "रडून झालं. पाया पडून झालं. दोनदा पळून आले. तू ऐकून घेतलंस कधी? 'ओरडतो', म्हटलं की दूधभात. 'कोंडून ठेवतो', म्हटलं की भरला कोबी. मी सांगायला लागले की तू तांदूळ धुवायला घ्यायचीस, आई! मला वाटलं, माझ्यासाठी नाही भांडलीस, निदान बिस्किटांसाठी तरी भांडशील. त्यांनी तुझ्या बिस्किटांना नाव ठेवलं की तू त्या घराचं तोंड पाहणार नाहीस. मग मलाही पाठवणार नाहीस."

हिल्मीला वहीत लिहिलेल्या दालचिनीची आठवण झाली आणि तो मेल्याहून मेल्यासारखा झाला. त्यालाही सकाळी फक्त खीर ऐकू आली होती.

"आणि तू काय केलंस?" रबाब रडत होती. "मला परत पाठवायला गुप्तहेर आणलास!"

ओट्यावरचा फोन वाजू लागला. सकाळपासून तो वाजतच होता. हाज्जांनी तो झटक्यात उचलला, तेव्हा चुकून आवाज मोठा करायचं बटण दाबलं गेलं आणि फिक्रियाबाई साऱ्या स्वयंपाकघरात बोलू लागल्या.

"काय गं तफीदा, सापडला का तुझा चोर? की येतेस माफी मागायला? जावा-नणंदा बसल्यात इथे वाट बघत."

सुहैरनं हिल्मीचा हात धरला. खरं सांगितलं तर हाज्जांची बिस्किटं सुटत होती आणि पोरगी अडकत होती. माफी मागितली तरी पोरगी परत जाणारच होती.

हाज्जा उठून उभ्या राहिल्या.

"कसला चोर? मीच केलं."

"काय?"

"मी! या हातांनी! कच्ची काढली आणि कढत कोंबली, मुद्दाम, नासावीत म्हणून. जावांना ऐकू जात नसेल तर त्यांच्या कानाला फोन लाव!"

समोरच्या खिडकीत दोन शेजारणी आल्या. हाज्जांनी त्यांना पाहिलं आणि आवाज आणखी चढवला.

"आणि माफी मागणार नाही. मेले तरी नाही. रबाब इथेच राहील."

"तलाक होईल तुझ्या पोरीचा, शुद्ध आहे का तुला?"

"कागद कधी पाठवतेस ते बोल!"

फोन बंद झाला. खिडकीतल्या शेजारणी दिसेनाशा झाल्या, पुढच्या गल्लीला खबर द्यायला.

"आई, सगळ्यांना ऐकू गेलं," रबाब हळूच म्हणाली. "आता गल्लीत कुणी तुझी बिस्किटं—"

"खड्ड्यात गेली बिस्किटं." हाज्जांनी चुलीवरचं पातेलं उतरवलं, गॅस बंद केला आणि लेकीचा ओला हात धरून तिला आपल्यासमोर बसवलं. "फोन काढून घेतला, त्या दिवशी काय झालं होतं? पहिल्यापासून सांग. मी काही बोलत नाही."

सुहैरनं हिल्मीला बाहीला धरून बाहेर काढलं आणि दार हलकेच ओढून घेतलं. आत रबाब बोलायला लागली होती.