कोणाचीही क्वेरी बंद करायचा अधिकार

प्रिंटर बघायला म्हणून मुख्य ऑफिसातला संगणकवाला कुणाल सौंसरहून पांढुर्ण्याच्या संत्रा-पॅकिंगच्या ऑफिसात आला, तेव्हा तिथली कारकून प्रणाली कीबोर्डवर गाल टेकून बसली होती. स्क्रीनवर नुसती 'ज'ची रांग लागली होती.

"झोपल्या का जी?"

"नाही. थकून राहिली मी."

थकण्याचं कारण शेठजी. जेवण झालं की ते 'आजवरचा सगळा माल' हा रिपोर्ट दाबायचे आणि आतल्या खोलीत घोरायला जायचे. त्यांची ती क्वेरी, म्हणजे संगणकाला घातलेला प्रश्न, मग त्या बिचाऱ्याला सगळ्या वर्षांची संत्री मोजायला लावायची. बाकी सगळं ठप्प. बिल्टी, म्हणजे गाडीसोबतची मालाची पावती, निघत नाही, गाड्या सुटत नाहीत, ड्रायव्हर शिव्या देतात — शेठजींना नाही, प्रणालीला. तिला फक्त स्वतःची क्वेरी बंद करता यायची. शेठजींची बंद करायचा अधिकार सौंसरच्या मुख्य ऑफिसात, एकट्या कुणालकडे.

त्या दिवसापासून रोज दुपारी तिचा कुणालला फोन.

"पुन्हा?"

"पुन्हा."

"मारू का?"

"शेठजीले?"

"क्वेरीले जी..."

दोघं हसायचे. थकलेल्या माणसांचं हसू, निम्मं नाकातूनच. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

एका सकाळी कुणालनं कळवलं, "तुले अधिकार देऊन टाकला. आता कोणाचीही क्वेरी बंद कर. माही गरज नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. अजिबात बरं झालं नव्हतं.

दुपारी शेठजींची क्वेरी तिनं एका बोटानं बंद केली. गाड्या निघाल्या. ऑफिसात इतकी शांतता, की घोरण्यातले चढउतार कळायला लागले. ती फोनकडे बघत बसली... आता काय सांगून करायचा?

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं अडकलं. शेठजी तर लोधीखेड्याला लग्नात! तिनं चालू क्वेरींची यादी उघडली. सगळ्यात वर — कुणाल, सौंसर. सगळ्या वर्षांची संत्री, पेटीनुसार, ड्रायव्हरनुसार आणि, का कोण जाणे, वारानुसार.

तिनं फोन लावला. "काय करून राहिला तू हे?"

"अडकली वाटते."

"तुले बंद करता येत नाही?"

"येते."

"मग काऊन नाही केली?"

"तू फोन केला नसता ना..." तो गडबडला. "प्रणाली, मले — क्वेरी नसली तरी — तुह्यासंग रोज बोलाचं आहे. जन्मभर. म्हणजे... रविवारी बी."

बाहेर तीन गाड्यांचे हॉर्न एकदम वाजले.

"थांब जरा."

तिनं त्याची क्वेरी बंद केली, बिल्ट्या काढल्या, गाड्या सोडल्या. मग फोन कानाशी धरून खुर्चीत मागे रेलली. कितीतरी महिन्यांनी पाठ टेकली होती.

"हाव," ती म्हणाली. "रविवारी बी."