बिटावरची पिवळी टेप

धम्मपालच्या उजव्या मनगटात स्टीलची पट्टी होती. दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या बीममध्ये भोक पाडताना ड्रिल मशीनचं बिट आतल्या सळईत अडकलं. बिट थांबलं, पण मशीन कशाला थांबतंय. त्यानं स्वतःच गिरकी घेतली आणि हात पिळून टाकला. हाड मोडल्याचा आवाज त्याला मोटरच्या आवाजातही ऐकू आला होता. धाराशिवच्या डॉक्टरांनी पट्टी बसवली आणि स्पष्ट सांगितलं, यावेळी जमलं, पण असा आणखी एक हिसका बसला तर हा हात पेन धरण्यापुरताच उरेल.

पेन धरून धम्मपालचं काय भागणार होतं? लोकांकडं रॅक, पडदे, दरवाजे, कपाटं बसवायची, सगळं त्याच्या हातावर. घरात बायको दीक्षा, एक मुलगी, आणि बारा वर्षांत कमावलेलं नाव. म्हणून हात बरा झाल्यावर त्यानं सोमेशच्या दुकानातून बॅटरीवरचं नवं मशीन घेतलं. सोमेश मूळचा बोलघेवडा, त्यात असला माल दाखवायचा म्हणजे त्याला चेवच चढायचा. आत सेन्सर आहे म्हणाला. बिट अडकून मशीनचं अंग जरा जरी गरकन फिरलं तरी त्याला कळतं, मनगटाला कळायच्या आत मोटर बंद, वर लाल दिवा. किकबॅकची, म्हणजे त्या उलट्या हिसक्याची, भीतीच संपली म्हणाला. त्यानं लाकडात खिळा ठोकून त्यावर बिट घालून दाखवलं. मशीन खरोखर जागच्या जागी गप्प झालं. धम्मपालला त्या दिवशी पोटभर जेवण गेलं.

हे सेन्सरचं काम बंदही करता येतं, बाजूचं बटण पाच सेकंद दाबून धरलं की झालं. काही कारागीर तसं करतात, कारण कडक भिंतीत मशीन सारखं थांबतं आणि काम रेंगाळतं. धम्मपालनं त्या बटणाला कधी बोट लावलं नाही. त्याची दुसरी एक सवय मात्र जुनीच होती. जेवढं खोल भोक पाडायचं, तेवढ्या मापावर बिटाला पिवळी टेप गुंडाळायची. टेप भिंतीला टेकली की थांबायचं.

एप्रिलमध्ये महानंदा नावाच्या बाईचा फोन आला. माकणीच्या पलीकडं, भूकंपानंतर सरकारनं वसवलेल्या एका गावात त्यांचं घर. कोठीच्या खोलीत धान्याच्या डब्यांसाठी लोखंडी रॅक बसवायचं होतं. नवरा गौरीशंकर सोलापूरला नोकरीला, घरी ती आणि सासरे.

धम्मपाल अकराच्या सुमारास पोचला. सरळ रस्ते, एकसारखी घरं, मधे मोकळी जागा. या गावातली जुनी माणसं अजून अंगणातच झोपतात, हे त्याला माहीत होतं. या घरात आणखी एक गोष्ट त्याच्या कारागिराच्या नजरेला लगेच दिसली. एकाही दाराला आतून कडी नव्हती. बाहेरून होती, आतून नाही. महानंदा म्हणाली की मामंजींचा दंडक आहे, आत कोंडलेल्या माणसाला बाहेरून काढता आलं पाहिजे.

मामंजी म्हणजे शांतलिंगआप्पा. लिंबाखाली बाजेवर बसले होते. कपाळाला विभूती, ऐंशीला टेकलेले, पण पाठ ताठ. धम्मपालनं नमस्कार केला तर त्यांनी आधी मशीनकडं पाहिलं. हे काय हाय म्हणून विचारलं. धम्मपालला मशीनचं कौतुक सांगायला आवडायचंच. त्यानं सेन्सर, लाल दिवा, बाजूचं बटण, सगळं सांगितलं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

घर सिमेंटच्या ठोकळ्यांचं, पण मागची कोठी काळ्या दगडाची. सहा बाय आठची खोली, खिडकी नाही, एक लोखंडी दार. दगड पाहून धम्मपाल थबकलाच. या भागात भूकंपात माणसं मारली ती दगडांनी. लोकांनी जुनं गाव सोडलं तेव्हा दगडाला पाठ फिरवली, पायरीपुरताही कुणी उचलून आणला नाही. महानंदानं आवाज खाली आणून सांगितलं, आप्पांनी दोन ट्रॉल्या भरून दगड आणले. स्वतः निवडून. गाव तेव्हा बोलायचं बंद झालं होतं त्यांच्याशी.

धम्मपालनं भिंत मापली. दोन फूट जाड. पलीकडं मोकळं अंगण आणि कडब्याची गंजी. रॅक जड, म्हणून त्यानं पाच इंचांवर टेप गुंडाळली आणि पहिलं भोक धरलं.

चार इंचांवर मशीन थांबलं. लाल दिवा.

दगडात कधी कधी कडक गाठ असते. त्यानं वीतभर सरकून दुसरं भोक धरलं. चार इंचांवर पुन्हा लाल दिवा. तिसऱ्याला तो नीट लक्ष देऊन होता, आणि तेव्हा त्याला जे कळलं ते त्याला मुळीच आवडलं नाही. बिट अडकलं तर मशीनचं अंग उलट्या बाजूला फिरतं. हात मोडून घेतलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको. इथं मशीन उलटं फिरत नव्हतं, बिटाच्याच बाजूला ओढलं जात होतं. म्हणजे बिट अडकत नव्हतं. आतून ते कुणीतरी मोटरपेक्षा जास्त जोरानं फिरवत होतं.

त्यानं ट्रिगर सोडला. तरी मुठीत धक्के आले. तीन. मग थोडं थांबून दोन.

धम्मपालचा बाप श्रीपती गावातल्या विहाराचं काम बघायचा. आधी तपास, मग विश्वास, हे त्यानं पोराला घोटून घोटून शिकवलं होतं. म्हणून धम्मपालनं बॅटरी काढून पुन्हा बसवली, बिट धरणारा चक तपासला, बिट बदललं. बाहेर जाऊन त्या जागी भिंतीला कान लावला. कुठं काही नव्हतं. तेवढ्यात वीज गेली. तो पाणी प्यायला लिंबाखाली आला.

आप्पा त्याच्या हाताकडं बघत होते.

"तीन अन् दोन?" त्यांनी विचारलं.

धम्मपालनं कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मग आप्पांनी सांगितलं, शेतातलं काही सांगावं तसं. पोरगी होती, महेश्वरी, नऊ वर्षांची. शाळेतनं आली की दारावर तीनदा वाजवायची, थांबून दोनदा. आप्पांनी आतून दोन टिचक्या मारल्या तरच आत यायची. भूकंपात घर बसलं. आप्पा बाहेर होते म्हणून वाचले. ढिगाऱ्यातनं दोन दिवस तीन अन् दोन ऐकू येत होतं. ते दगडावर दगड मारून दोनाचा जाब देत होते आणि हातानं उकरत होते. तिसऱ्या दिवशी ढिगारा उपसायचं मशीन आलं, दगड हलले, पोरगी निघाली. कधीच गेली होती ती.

"पोर काढली," आप्पा म्हणाले. "पण वाजायचं थांबलं न्हाय. ज्या दगडांतनं वाजत हुतं, ते म्या आणले."

महानंदा मान खाली घालून ऐकत होती. ती मग बचत गटाच्या बैठकीला गेली, अर्ध्या तासात येते म्हणाली. धम्मपालनं मनात ठरवून टाकलं. रॅक गेलं खड्ड्यात, आत ठेवलेलं मशीन घ्यायचं, पाय लावून उभं राहील असं रॅक पुढच्या आठवड्यात आणून द्यायचं, आणि निघायचं. तो कोठीत शिरला, मशीनला हात घातला, आणि मागं दार लागलं. कडी पडल्याचा आवाज आला.

"आप्पा, दार उघडा," तो म्हणाला.

"आरपार पाड, मिस्त्री. म्या हातानं उकरलं, मला जमलं न्हाय. तुझ्याकडं मशीन हाय."

धम्मपालनं समजावलं की भिंत दोन फुटांची, बिट सहा इंचांचं, आरपार जाणारच नाही. मशीन आपोआप थांबतं. आप्पा म्हणाले की ते बंद कराय येतंय, तूच सांगितलंस. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं जास्तच भीती वाटली. त्यानं दाराला खांदा मारला. बिजागऱ्या बाहेरून होत्या. लोखंडात भोक पाडायची बिटं पेटीत आणि पेटी ओसरीवर. फोनला रेंज नाही. आतून कडी नसलेल्या घरात आपण आत कोंडले गेलो, या गोष्टीचं त्याला एरवी हसू आलं असतं.

अंधार गच्च होता. दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ. धान्याच्या वासानं श्वास जड होत होता, घामानं शर्ट अंगाला चिकटला. महानंदा अर्ध्या तासात येणार होती, पण बायकांची बैठक, अर्ध्याचे दोन तास व्हायला काय लागतं. त्यानं हाका मारल्या. घसा बसला. बाहेरून आप्पा फक्त एवढंच म्हणत होते, थांबू देऊ नको त्याला.

शेवटी त्यानं मशीन उचललं. एक भोक पाडतो, आवाज ऐकून म्हाताऱ्याचं समाधान होईल. सेन्सर चालूच ठेवला. चार इंच, लाल दिवा, मोटर गप्प.

"थांबलं," बाहेरून आप्पा म्हणाले. "बंद कर ते."

पुन्हा धरलं. पुन्हा थांबलं. बाहेर बाजेचा आवाज आला. आप्पा बाज दाराला लावून तिच्यावर बसले होते.

धम्मपालनं बटणावर अंगठा ठेवला. मनगटातली पट्टी त्याला त्या क्षणी थंडगार जाणवली. दीक्षाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तो रडला, खोटं कशाला बोला. मग पाच सेकंद मोजले. सेन्सरचा छोटा हिरवा दिवा विझला.

त्यानं दोन्ही हातांनी मूठ आवळली आणि ट्रिगर दाबला.

एक इंच. दोन. तीन.

चार.

बिट धरलं गेलं. मोटर थांबली नाही, ओरडायला लागली.

मशीन फिरलं. मनगट पिळत गेलं, त्या जुन्या जागेपर्यंत, जिथं मागं हाड मोडलं होतं. त्यानं डोळे मिटले.

तिथं ते थांबलं.

सेन्सर बंद होता. थांबवणारं मशीनमध्ये काही नव्हतं.

मोटर गप्प झाली. त्याचं बोट ट्रिगरवर दाबलेलंच होतं.

मग मशीन हळूच परत फिरलं. लहान पोर मोठ्या माणसाचा हात धरून त्याला घरात ओढतं, तसा त्याचा हात भिंतीकडं ओढला गेला. चक दगडाला टेकला. बोटांची पेरं दगडाला टेकली. कुणी दुखवत नव्हतं. फक्त सोडत नव्हतं.

पेरांखाली वाजलं. तीन.

मग दोन.

धम्मपालला कळलं की ती जाबाची वाट बघतेय.

त्यानं दिला. डाव्या हाताच्या बोटानं, दगडावर. दोन.

हात सुटला.

कडी निघाली तेव्हा दारात महानंदा होती, भेदरलेली, सासऱ्यांवर ओरडून आवाज बसलेली. धम्मपाल धडपडत उन्हात आला. आप्पा बाजेवर बसून होते.

"हात धरला का तिनं?" त्यांनी विचारलं.

हो म्हटलं तर हा म्हातारा आपल्याला इथून कधीच जाऊ देणार नाही, हे त्याला दिसत होतं. "काही नव्हतं आप्पा," तो म्हणाला. "दगडात गाठ आहे."

आप्पांनी त्याचा उजवा हात हातात घेऊन उलटा केला. धम्मपाल घामानं निथळत होता, पण मनगटाच्या पुढं तो हात कोरडा होता. तळव्यावर पांढरी माती होती. दगड काळा, सिमेंट करडं. पांढरी माती जुन्या गावठाणाची, जुन्या घरांच्या भिंतींतली. आप्पांनी ती बघितली, त्याची बोटं एकेक करून मिटवली आणि हात त्याला परत दिला.

"जा आता," ते म्हणाले. "म्या लई दिस दिला जाब. आता तुला वळखती ती."

धम्मपाल तिथून निघाला तो सरळ डॉक्टरांकडं गेला. हाड शाबूत, पट्टी जागेवर. सोमेशनं मशीन खोलून पाहिलं, त्यात काही दोष नव्हता. धम्मपालनं ते बदलून दुसरं घेतलं आणि चार इंचांच्या आत राहायचं ठरवलं. तसंही साध्या कामाला एवढं खोल कोण जातं.

महिन्याभरानं धाराशिवकडच्या वाशीत एका दुकानाच्या विटांच्या भिंतीत त्याचं बिट तीन इंचांवर धरलं गेलं. सेन्सरनं मोटर बंद केली, लाल दिवा लागला, मुठीत तीन आणि दोन आले. मालक शेजारीच उभा होता. धम्मपालनं घाम पुसायचं निमित्त करून भिंतीवर दोनदा बोट वाजवलं, तेव्हा बिट सुटलं. त्यानं टेप अडीच इंचांवर आणली. पावसाळ्यात धाराशिवच्या एका फ्लॅटमध्ये ते दोनवर आलं, दसऱ्याला दीडवर. दर वेळी तो टेप टोकाकडं सरकवतो. स्क्रूसाठी भिंतीत ठोकायच्या गिट्टीला दीड इंच तरी लागतोच, आणि त्याखाली काम घेता येत नाही. प्लास्टर अर्ध्या इंचाचं असतं.

आता तो मोजकीच कामं घेतो. भिंतीला तळवा टेकवून खूण करायची त्याची सवय होती, ती त्यानं सोडली. घरी आला की उजवा हात खिशात घालूनच आत येतो.

दीक्षा परवा धुणं भिजवताना म्हणाली, तुमच्या उजव्या खिशात दर वेळी ही पांढरी माती कुठली असते? त्यानं सांगितलं, साइटवरची. तिनं खिसा उलटा करून झटकला आणि म्हणाली, आजकाल जरा जास्तच असते.